रोजच्या दिवसापुरता धीर: ख्रिस्ती विश्वास जगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षे मी रोज सकाळी पवित्र शास्त्रातले एक वचन आणि त्याखाली चार ओळी लिहून काही जणांना पाठवते. सुरुवात एका मैत्रिणीसाठी झाली. तिच्या घरात मृत्यू झाला होता आणि तिला शास्त्र उघडवतच नव्हते. "मला जास्त काही नको, आजच्यापुरते एक वाक्य दे," असे ती म्हणाली होती. पुढे वाचणारे वाढले आणि प्रश्न येऊ लागले. माणसे वेगवेगळी, पण प्रश्न बहुधा तेच. ते इथे एकत्र केले आहेत. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. प्रभूबरोबर चालताना जे हाती लागले तेवढेच देते आहे.

रोज उत्तेजन कशाला हवे? एकदा मनापासून विश्वास ठेवला की पुरे नाही का?

तारणासाठी प्रभू येशूने वधस्तंभावर जे केले ते एकदाच केले आणि ते पुरेसे आहे. त्यात आपण रोज भर घालायची नाही. प्रश्न आहे तो चालण्याच्या बळाचा, आणि ते बळ देव दिवसाच्या मापाने देतो.

निर्गम 16 वाचा. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला, तो रोज सकाळी आणि त्या दिवसापुरताच. ज्याने फार गोळा केले त्याचे जास्त झाले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. काहींनी उद्यासाठी म्हणून ठेवून पाहिले, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळत असे आणि ते टिकत असे. हे एकदोन आठवडे नाही, चाळीस वर्षे चालले. देवाला एकदम वर्षभराचे धान्य देता आले नसते असे नाही. पण मग ते लोक वर्षातून एकदाच त्याच्याकडे वळले असते. मला तरी मान्नाचा हाच अर्थ लागतो, कारण माझेही तसेच झाले असते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असेच मागणे आहे. शिष्यांना तो म्हणाला की प्रत्येकाने आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावे, आणि लूकच्या शुभवर्तमानात त्या वाक्यात 'दररोज' हा शब्द आहे (9:23). मत्तय आणि मार्क यांनी हेच वाक्य दिले आहे, पण त्यांच्याकडे तो शब्द नाही. लूकने तो जपून ठेवला याबद्दल मी त्याची ऋणी आहे. जन्मभराचा वधस्तंभ उचलायचा म्हटले की पाय लटपटतात. आजचा उचलायचा म्हटले की निदान वाकता तरी येते.

'उत्तेजन' म्हणजे नेमके काय? चांगले बोलून मन खुश करणे?

नाही. इब्री लोकांस पत्रात (3:13) म्हटले आहे की जोपर्यंत 'आज' म्हणायला वाव आहे तोपर्यंत प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा. मराठीत 'बोध' म्हटले की उपदेश डोळ्यांपुढे येतो, कोणीतरी उंचावरून सांगतो आहे आणि आपण खाली मान घालून ऐकतो आहोत. मूळ ग्रीक क्रियापद 'पाराकालेओ' आहे. त्यात 'आपल्याजवळ बोलावणे' हा भाव आहे, आणि ते विनवणे, धीर देणे, सांत्वन करणे, सावध करणे या सगळ्यांसाठी वापरले जाते. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हटले आहे, तो शब्दही याच कुळातला. म्हणजे धीर देणारा माणूस शेजारी उभा असतो. तो गोड बोलेलच असे नाही. कधी तो "हे तू करतोस ते बरोबर नाही" असेही म्हणेल, पण ते जवळ उभा राहून म्हणेल.

शास्त्रात याचे जिवंत उदाहरण बर्णबाचे आहे. त्याचे खरे नाव योसेफ. कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणजे 'बोधपुत्र' हे नाव दिले. त्याचा एकही लांब उपदेश प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात उतरवलेला नाही. उतरवले आहे ते त्याने काय केले ते. शेत विकून पैसे गरजूंसाठी दिले. विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या शौलाचे परिवर्तन झाले तेव्हा यरुशलेमेत सगळे त्याला भीत होते, तर बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा तो तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. हाच शौल म्हणजे पौल. त्याची पत्रे आज आपण वाचतो, त्यामागे या माणसाची पायपीट आहे. हा विचार मनात आला की मला नेहमी भरून येते.

सकाळी वेळच मिळत नाही. मग माझे मनन राहूनच जाते.

सकाळ चांगलीच. प्रभू स्वतः अगदी पहाटे, अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क 1:35). पण शास्त्राने सकाळीच असा नियम घातलेला नाही. इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला गेला होता. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. स्तोत्र 63 चा कवी रात्रीच्या प्रहरी अंथरुणावर देवाचे चिंतन करतो. तान्हे बाळ असलेली आई, रात्रपाळीचा कामगार, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा मुलगा यांनी दुसऱ्याच्या घड्याळावरून स्वतःला दोषी ठरवू नये.

सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. आधी तो सैनिक होता. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि तिथल्या भांड्यांच्या खडखडाटातही तो देवाशी बोलत राहिला. ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळी आणि कामाच्या वेळी आपल्याला देव सारखाच जवळ वाटतो, असे तो सांगत असे. त्याच्याकडून मी एवढेच उचलले की हातातले काम बदलले की एक वाक्य प्रभूशी बोलायचे. दार उघडताना, दिवा लावताना, गाडीची वाट पाहताना.

तरीही दिवसातली दहा मिनिटे निव्वळ त्याच्यासाठी ठेवा. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्याशी कायम काम करता करताच बोलायचे, हेही बरे नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मार्कपासून. सोळाच अध्याय आहेत आणि कथा झपाझप पुढे जाते. सोबत रोज एक स्तोत्र घ्या. एकूण 150 आहेत, पाच महिन्यांत होतील. नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचण्याची जुनी रीत आहे, ती लहान मुलांबरोबर छान जमते. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला तरी वर्षात तो संपूर्ण होतो, आणि दोन दिवस राहिलेले भरून काढायला उरतात.

उत्पत्तीपासून सरळ निघालेले बरेच जण लेवीय पुस्तकात अडकतात आणि मग "मला जमत नाही" म्हणून शास्त्रच मिटतात. लेवीय वाचायचेच आहे, पण ते इब्री लोकांस पत्राच्या सोबतीने वाचा म्हणजे उलगडेल.

रोज एक सुटे वचन वाचले तर चालेल का?

मीच एकेक वचन पाठवते, म्हणून याचे उत्तर मला जपून द्यायला हवे. चालेल, पण त्यावर थांबू नका.

'मी तुमच्याविषयी जे संकल्प करतो ते हिताचे आहेत', हे यिर्मया 29:11 किती भिंतींवर लावलेले असते! ते खरेच आहे. पण त्याच्या आधीचे वचन वाचा. हे एका पत्रातले वाक्य आहे. पत्र बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे, आणि देव त्यांना सांगतो की सत्तर वर्षे पुरी झाल्यावर मी तुम्हांला परत आणीन. दोनच वर्षांत सगळे ठीक होईल असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता आणि तो खोटा ठरला. यिर्मयाच्या पत्रात घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे आहे. हे पत्र ऐकणाऱ्या पुष्कळांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरीही संकल्प हिताचेच होते. हे सगळे कळल्यावर ते वचन हलके होत नाही, उलट भारी होते. पुढच्या महिन्यात नोकरी लागेल एवढ्यापुरते ते उरत नाही. आयुष्यभर परक्या ठिकाणी राहावे लागले तरी ते हातात राहते.

फिलिप्पै 4:13 चेही तसेच. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे' हे वाक्य परीक्षेला किंवा स्पर्धेला जाताना म्हटले जाते. पौल ते कैदेतून लिहितो आहे. आधीच्या ओळींत तो सांगतो की तृप्त असणे आणि भुकेला असणे, दोन्ही मी शिकलो आहे. 'सर्व काही' मध्ये उपाशी राहणेही आले.

म्हणून वचन आवडले की त्याचा अध्याय उघडा. पाच मिनिटे जास्त लागतील.

प्रार्थनेला बसले की मन भरकटते. कधी शब्दच सुचत नाहीत.

भरकटले तर जिथे गेले तेच प्रभूपुढे ठेवा. मन बहुतेक वेळा काळजीकडेच गेलेले असते, आणि काळजी हा प्रार्थनेचाच विषय आहे.

शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. त्यात कमीपणा नाही. प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका वाक्यावर थांबून म्हणा. स्तोत्रे तर त्यासाठीच आहेत. वधस्तंभावर प्रभूनेही स्तोत्रांतलेच शब्द उच्चारले. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) शतकानुशतके एक लहानशी प्रार्थना चालत आली आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्या पाप्यावर दया कर.' श्वासाबरोबर ती म्हणता येते. मी ती रुग्णालयातल्या बाकावर शिकले. तेव्हा दुसरे काहीच आठवत नव्हते.

तेही जमत नसेल तर नुसते बसा. रोमकरांस 8:26 सांगते की आपण प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणे ही भाषा आजारी माणसाला येते. देवाला ती समजते.

मी सतत निराश असतो. माझा विश्वास कमी आहे म्हणून असे होते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुधा रात्री उशिरा. आधी उत्तर देते: नाही. निराशेवरून विश्वास मोजू नका.

एलीया बघा. 1 राजे 18 मध्ये कर्मेल डोंगरावर अग्नी उतरतो, सगळे लोक देवाचा जयजयकार करतात. पुढच्याच अध्यायात तो जीव घेऊन पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, "हे परमेश्वरा, आता पुरे झाले, माझा प्राण घे." इतका मोठा संदेष्टा! देव त्याला काय करतो? रागावत नाही. विश्वास वाढव असेही म्हणत नाही. तो झोपतो तर झोपू देतो. मग देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. खाऊन तो पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून देवदूत म्हणतो, खा, पुढची वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. झोप, अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. आधी शरीर. होरेब डोंगरापाशी तो देवाची मंद वाणी ऐकतो ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. आणि तिथेही देव त्याला दोन गोष्टी देतो: तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, ही बातमी, आणि सोबतीला अलीशा.

स्तोत्रसंहितेत 88 वे स्तोत्र आहे. बाकीची विलापगीते बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ते देवाच्या ग्रंथात आहे, कोणी ते वगळले नाही, शेवटी एक आनंदाची ओळ जोडली नाही. काही रात्री मला आशेची स्तोत्रे वाचवत नाहीत, तेव्हा मी हे वाचते. आपल्या आधी कोणीतरी याच खोलीत बसले होते आणि तेही देवाशीच बोलत होते, हे त्यातून कळते.

एकोणिसाव्या शतकातले लंडनचे प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांना आयुष्यभर खोल उदासीनतेने ग्रासले होते. 19 ऑक्टोबर 1856 रोजी ते एका मोठ्या सभागृहात उपदेश करत असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात जण गेले. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. तो घाव पुरता कधी भरला नाही. ते आपल्या उदासीनतेविषयी व्यासपीठावरून मोकळेपणाने बोलत, आणि म्हणूनच कितीतरी खचलेली माणसे त्यांच्याकडे येत.

आता कळकळीची विनंती. उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जा. वैद्य असलेला लूक पौलाच्या सोबत होता, आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला पौलानेच सांगितले. गोळी घेणे हा अविश्वास नाही. आणि जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर हे वाचणे इथेच थांबवा आणि जवळच्या एका माणसाला आत्ता सांगा. उद्या नाही, आत्ता. आपत्कालीन मदत मागायला कचरू नका. एलीयाच्या तोंडी असलेले शब्द तुमच्या तोंडी आले म्हणून देव तुम्हांला टाकणार नाही, पण तुम्ही एकट्याने ते पेलायचेही नाहीत.

मग देव माझ्या प्रार्थनेचे उत्तर का देत नाही?

पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आले: माझी कृपा तुला पुरे आहे (2 करिंथ 12). काटा राहिला. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली आणि तो त्याला प्यावा लागला. ज्याची विनंती अशी परतली तो आपल्या विनंत्या ऐकतो आहे, यापेक्षा जास्त समाधान मला सापडलेले नाही, आणि यापेक्षा सोपे उत्तर कोणी देत असेल तर ते मी घेत नाही. स्तोत्र 13 मध्ये पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर?' असे विचारले आहे. विचारत राहा. विचारणे थांबवून दूर निघून जाण्यापेक्षा ते खूप बरे.

शंका येतात. मंडळीत कोणाला सांगितले तर काय म्हणतील?

ज्या बापाने प्रभूला म्हटले, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" (मार्क 9:24), त्याच्या मुलाला प्रभूने बरे केले. आधी शंभर टक्के विश्वास घेऊन ये, असे त्याला म्हटले नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडल्यावर निरोप पाठवून विचारतो, "जो येणार तो तूच आहेस की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?" ज्याने यार्देन नदीवर येशूकडे बोट दाखवून 'हाच तो' असे सांगितले होते तोच आता विचारतो आहे. येशू त्याला उत्तर पाठवतो, आणि निरोप्ये गेल्यावर लोकांपुढे त्याच योहानाचा गौरव करतो. थोमाला सगळे 'संशयी' म्हणतात, पण एक गोष्ट पाहा. पुनरुत्थानाची बातमी पटली नसतानाही आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही, तोही सोडून गेला नाही. म्हणून प्रभू आला तेव्हा तो तिथे सापडला.

एखादा पोक्त, न रागावणारा विश्वासी शोधा आणि त्याला सांगा. सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही.

तेच पाप पुन्हा पुन्हा होते. आता प्रभूपुढे जायलाही लाज वाटते.

प्रभूचा शिष्य पेत्र याने मुख्य याजकाच्या अंगणात त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारले. तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता (योहान 18:18). नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द आणखी एकदाच येतो, योहान 21:9 मध्ये. पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर आहे, त्याने कोळशाचा विस्तव पेटवला आहे, त्यावर मासळी ठेवली आहे, आणि तो शिष्यांना न्याहारीला बोलावतो. तोच वास, तोच उजेड. मग तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" जिथे जखम झाली होती तिथेच हात ठेवला, पण त्याआधी खाऊ घातले. आणि तिन्ही वेळा काम सोपवले.

हे होणार हे प्रभूला आधीच ठाऊक होते. नाकारण्यापूर्वीच त्याने पेत्राला सांगून ठेवले होते: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक 22:32). 'वळलास तर' नाही, 'वळलास म्हणजे'.

लाज वाटते तेव्हा आपण प्रभूला टाळतो आणि त्यामुळे अजून खोल जातो. पडल्याबरोबर, त्याच तासाला, त्याच्याकडे जा. आपण पापे कबूल केली तर तो क्षमा करतो, हे सांगणारे 1 योहान 1:9 त्यासाठीच आहे. आणि सवय जडलेली असेल, तर ती एका विश्वासू माणसाला सांगा. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करण्याविषयी सांगितले आहे. गुप्त ठेवलेल्या सवयी क्वचितच सुटतात, हे मी स्वतःवरून सांगते.

घरात मी एकटीच विश्वासात आहे.

ताई, तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत. पेत्राने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अशाच स्त्रियांना लिहिले की शब्दावाचूनही, तुमच्या वागण्याने तुमचे पती मिळवले जातील. याचा अर्थ मार सहन करा असा मुळीच नाही. जिवाला धोका असेल तर सुरक्षित ठिकाणी जा. अर्थ एवढाच की रोज घरात उपदेश करत बसण्याचे ओझे तुमच्यावर नाही.

मोनिकाची आठवण ठेवा. तिचा मुलगा ऑगस्टीन, जन्म सन 354. तरुणपणी तो आईच्या विश्वासापासून दूर गेला, आणि ती वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करत राहिली. एका बिशपकडे जाऊन तिने इतका पिच्छा पुरवला की शेवटी तो म्हणाला, एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. सन 387 मध्ये मिलान इथे ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ती वारली. तिचा पतीही आयुष्याच्या अखेरीस विश्वासात आला होता. प्रत्येक घरात असेच होईल असे वचन मी देऊ शकत नाही. पण तिच्या प्रार्थनेची वर्षे मोजली की माझी दोनचार वर्षे मला थोडी वाटू लागतात.

कामाच्या ठिकाणी विश्वास कसा जगायचा?

वेळेवर या, खोटा हिशोब लिहू नका, दुसऱ्याचे श्रेय घेऊ नका, हाताखालच्या माणसाशी नीट बोला. 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे कलस्सै 3:23 मूळात दासांना उद्देशून आहे, ज्यांच्या कामाला ना मान होता ना मोबदला. त्यांच्या कामालाही प्रभू स्वतःचे काम म्हणतो. कोणी विचारले तर आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगा. नाही विचारले तर कामच बोलेल.

दुःखात असलेल्याला धीर कसा द्यावा? काय बोलू नये?

मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोलले नाही. एवढे त्यांनी उत्तम केले. तोंड उघडल्यावर बिघडले.

माझे पती आजारी होते तेव्हा एका विश्वासी व्यक्तीने मला सांगितले की घरात काहीतरी लपलेले पाप असावे. दुसऱ्या एकाने रोमकरांस 8:28 ऐकवले, की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून हिताच्या होतात. ते वचन खरे आहे, आज मी ते स्वतः म्हणते, पण त्या संध्याकाळी ते दगडासारखे लागले. आणि एक बाई आल्या, त्यांनी काहीच म्हटले नाही. भांडी घासली, यांच्या अंगावरची चादर बदलली, मला म्हणाल्या, "तू दोन तास झोप, मी बसते." एलीयाच्या देवदूताची गोष्ट मला तेव्हा खरी समजली.

'देवाला हवे होते म्हणून नेले', 'दुसऱ्यांचे याहून वाईट आहे', 'रडू नकोस, विश्वास ठेव' ही वाक्ये टाळा. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते तरीही. 'काही लागले तर सांग' यापेक्षा 'गुरुवारी मी येते' हे बरे, कारण खचलेल्या माणसाला मागण्याचेही बळ नसते. आणि पहिल्या आठवड्यात सगळे येतात; तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा.

मंडळीत माझे मन दुखावले. घरी बसूनच उपासना केली तर?

काही काळ तसे करावे लागले तर देव तिथेही आहे. जिथे अत्याचार झाला, शोषण झाले, तिथे परत जाण्याचे बंधन तुमच्यावर कोणी घालू नये. तिथली गोष्ट उघड करणे हेही धार्मिक काम आहे. पण कायमचे एकटे राहू नका. दुसरी मंडळी शोधा, नाहीतर दोघेतिघे मिळून भेटा. 'एकमेकांना' हा शब्द नव्या करारात पुन्हा पुन्हा येतो, आणि एकटे बसून तो पाळता येत नाही.

भांडणे पहिल्या पिढीतही झाली. योहान मार्क मध्येच सोडून गेला होता म्हणून पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता, बर्णबा तयार होता, आणि दोघांत इतका वाद झाला की ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये 15). बर्णबाने मार्कला सोबत घेतले. कित्येक वर्षांनी, कैदेत असलेला पौल तीमथ्याला लिहितो: मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. परंपरेनुसार हाच मार्क त्या पहिल्या सोळा अध्यायांचा लेखक, ज्यांपासून वाचायला सुरुवात करा असे मी वर म्हटले.

सगळ्याबद्दल आभार मानायचे म्हणजे वाईट गोष्टींबद्दलसुद्धा?

1 थेस्सलनी 5:18 म्हणते सर्व स्थितीत आभार माना. आजाराबद्दल नव्हे, आजारात.

मधले कित्येक दिवस वाचन सुटले. आता कुठून सुरू करू?

आजपासून. सुटलेले सगळे भरून काढायला बसू नका, तिथेच पुष्कळ जण पुन्हा थकतात. कालचा मान्ना आज गोळा करता येत नाही आणि तो करायचाही नसतो.

ज्या मैत्रिणीसाठी हे सगळे सुरू झाले तिने एकदा तीन आठवडे माझे काहीच वाचले नव्हते. मग एका दुपारी फोन करून म्हणाली, "एकवीस राहिलीत गं, कुठल्यापासून वाचू?" मी तिला त्या दिवशीचे वचन पुन्हा वाचून दाखवले. विलापगीतातले होते: परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते. "बाकीची?" तिने विचारले. मी म्हटले, "बाकीची राहू देत."